निःशब्द नगरीचे उसने गाणे

१/२४
आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘मोहेंजो दारो’ हा चित्रपट १२ ऑगस्ट २०१६ रोजी प्रदर्शित झाला. कथेचा काळ इसवी सनपूर्व २०१६, स्थळ सिंधूकाठचे नगर, संगीत ए. आर. रहमान यांचे आणि गीते जावेद अख्तर यांची. चित्रपटाच्या पटकथेवर, वेशभूषेवर, त्यात दिसणाऱ्या घोड्यांवर तेव्हा पुष्कळ वाद झाला. संगीताची चर्चा मात्र ‘या वेळी रहमान यांचे जमले नाही’ एवढ्यावरच थांबली. ते का जमले नाही, याचे उत्तर संगीतशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते. त्या उत्तराचा हा धागा.

२/२४
अपेक्षा मोठी होती आणि ती अकारण नव्हती. गोवारीकर आणि रहमान ही जोडी त्यापूर्वी तीनदा एकत्र आली होती : ‘लगान’ (२००१), ‘स्वदेस’ (२००४) आणि ‘जोधा अकबर’ (२००८). ‘लगान’च्या संगीतासाठी रहमान यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांपैकी दोन चित्रपट ऐतिहासिक काळात घडतात, आणि दोन्हींचे संगीत आजही लोकांच्या ओठांवर आहे. त्यामुळे आठ वर्षांनी हीच जोडी थेट चार हजार वर्षे मागे जाते आहे म्हटल्यावर इतिहासप्रेमींचे कान टवकारले गेले.

३/२४
आधी ‘लगान’ पाहू. काळ १८९३, गाव काल्पनिक चंपानेर. १८९३ मध्ये खेड्यातली माणसे हुबेहूब तसे गात असतील, असा दावा कोणी केला नाही. त्यामागे आधुनिक वाद्यवृंद आहे, स्टुडिओतील ध्वनिमुद्रणाची सफाई आहे. तरीही ते संगीत त्या मातीतले वाटते. पावसाची वाट पाहणारे गाव, जन्माष्टमीचा खेळ, संकटातले सामूहिक भजन हे सारे प्रसंग भारतीय खेड्यांत तेव्हाही होते, आजही आहेत. संगीतकाराला मागे जाण्यासाठी एक वहिवाटीची पायवाट उपलब्ध होती.

४/२४
‘जोधा अकबर’चेही तसेच. त्यातील सुप्रसिद्ध कव्वालीत उंच टोप्या घातलेले दरवेश गिरक्या घेतात. ती रीत अनातोलियातील मेवलेवी पंथाची आहे, अजमेरच्या चिश्ती पंथाची नव्हे. इतिहासाच्या कसोटीवर हा दोषच. पण गाण्याचा गाभा खरा आहे. अकबराची ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांच्यावरील श्रद्धा ही नोंदलेली घटना आहे. सलीमच्या जन्मानंतर १५७० मध्ये तो आग्र्याहून अजमेरला पायी गेला होता. तपशील चुकला, तरी भाव त्या काळाला धरून राहिला.

५/२४
दोन्ही वेळी रहमान एका जिवंत परंपरेचा हात धरून भूतकाळात शिरले होते. पुढे २०१९ च्या ‘पानिपत’साठी गोवारीकरांनी अजय-अतुल यांना घेतले, तेव्हा त्यांनाही मराठी लोकसंगीताचा असाच आधार मिळाला. मोहेंजोदडोला मात्र असा हात नाही. तेथील लिपी अद्याप वाचता आलेली नाही. तेथील लोक कोणती भाषा बोलत, हे निश्चित नाही. स्वरलेखन नाही, गीत नाही, एखाद्या गायकाचे नावदेखील नाही. ही अडचण खरी आहे, आणि रहमान यांच्यावर टीका करण्यापूर्वी ती मान्य करणे न्यायाचे ठरेल.

६/२४
पण संगीत माहीत नाही म्हणजे ध्वनी अजिबातच माहीत नाही, असे नाही. मोहेंजोदडो, हडप्पा आणि इतर स्थळांवर भाजक्या मातीच्या पोकळ शिट्ट्या सापडल्या आहेत. त्यांतील कित्येकींना पक्ष्याचा आकार आहे. आत मातीच्या गोळ्या असलेले खुळखुळेही मिळाले आहेत. ही बहुधा मुलांची खेळणी. आश्चर्य असे की, त्या शिट्टीत फुंकर घातली आणि खुळखुळा हलवला, तर चार हजार वर्षांपूर्वीच्या मुलाला जो आवाज ऐकू आला, जवळजवळ तोच आवाज आज ऐकू येतो. पुरातत्त्वात असे भाग्य क्वचित लाभते.

७/२४
मोठ्या वाद्यांचे पुरावे अप्रत्यक्ष आहेत. लाकूड, कातडे, तात, बांबू हे पदार्थ सिंधूच्या दमट, खारट जमिनीत टिकत नाहीत. तरी काही मृण्मूर्तींच्या गळ्यात ढोलासारखे वाद्य दिसते. हडप्पा येथील एका चित्रांकित वस्तूवर वाघासमोर ढोल वाजवणारी व्यक्ती अभ्यासकांनी ओळखली आहे. सिंधू लिपीतील एका चिन्हात काहींना धनुष्याकृती वीणा दिसते. शेवटचे मत वादग्रस्त आहे. पण चर्म, तंतू आणि मातीतून फुंकलेला वारा, अशी एक धूसर रूपरेषा तरी हाती लागते.

८/२४
सर्वांत प्रसिद्ध पुरावा सर्वांत फसवा आहे. १९२६ मध्ये सापडलेली, जेमतेम १०.५ सेंटीमीटर उंचीची कांस्यमूर्ती ‘नर्तिका’ म्हणून ओळखली जाते. एक हात कमरेवर, दुसरा हात बांगड्यांनी जवळजवळ पूर्ण भरलेला, हनुवटी किंचित वर. ती नाचते आहे, याचा पुरावा मूर्तीत नाही. ती केवळ उभी आहे. विसाव्या शतकातील पाहणाऱ्यांना तिच्यात नर्तकी दिसली आणि नाव चिकटले. एका नावाने एक अख्खी कल्पना कशी जन्माला येते, याचे हे उत्तम उदाहरण. चित्रपटाच्या संगीताकडे वळताना ते लक्षात ठेवणे उपयोगी पडेल.

९/२४
आता शेजारी पाहू. मेसोपोटेमियातील ऊर येथील राजेशाही दफनभूमीत लेनर्ड वूली यांना लायर नावाची तंतुवाद्ये मिळाली. ती इसवी सनपूर्व २५०० च्या सुमाराची, म्हणजे मोहेंजोदडोच्या भरभराटीच्या काळातली. त्यांपैकी काहींवर सोन्याचे बैलाचे मस्तक आहे. लाकूड कुजले होते. पण त्याच्या पोकळीत प्लॅस्टर ओतून वूली यांनी वाद्याचा आकार वाचवला. इसवी सनपूर्व १८०० च्या आसपासच्या कीलाकृती लिपीतील विटांवर तंतुवाद्य स्वरात कसे लावावे, याच्या सूचनाही आहेत.

१०/२४
हे शेजारी एकमेकांना ओळखत होते. अक्कडचा राजा सारगोन याच्या लेखात मेलुहाच्या नौका आपल्या धक्क्याला लागल्याची बढाई आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहाची भाषा जाणणाऱ्या एका दुभाष्याची मुद्राही उपलब्ध आहे. नौकांतून मणी, लाकूड, तांबे जात असेल, तर कानात बसलेली एखादी धूनही जात असेलच. चित्रपटाच्या कथेत सुमेरशी चालणारा व्यवहार आहे. संगीतात मात्र त्या समुद्रापलीकडच्या देशाची चाहूल लागत नाही.

११/२४
याशिवाय नगराचा स्वतःचा नाद होता, आणि त्याविषयी तर भरपूर माहिती आहे. भरीव चाकांच्या बैलगाड्यांचा करकराट. तांबटाच्या हातोडीचे ठोके. कार्नेलियनच्या मण्याला वेज पाडणाऱ्या सामत्याची तासन्‌तास चालणारी घरघर. शंखाच्या बांगड्या कापणारी करवत. मोहेंजोदडोत सुमारे ७०० विहिरी असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे घरोघरी, गल्लोगल्ली पाणी शेंदण्याचा आवाज. कारागिरांच्या या नगराला लय शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नव्हती. ती त्याच्या कामातच होती.

१२/२४
ही पार्श्वभूमी मनात ठेवून तो अल्बम ऐकावा. सुरुवात शीर्षकगीतापासूनच करावी. रहमान, अरिजित सिंग, बेला शेंडे आणि सना मोइदुट्टी असे मातब्बर गायक, मोठा वृंद, दणदणीत तालवाद्ये आणि नगराच्या नावाचा पुनःपुन्हा होणारा घोष. नागरिक आपल्या नगराचा गौरव करीत आहेत, असा प्रसंग. गाणे भव्य आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी त्या घोषापाशीच अडखळतो.

१३/२४
कारण ‘मोहेंजोदडो’ हे त्या नगराचे नाव नाही. सिंधी भाषेत त्याचा रूढ अर्थ ‘मेलेल्यांचे टेकाड’ असा केला जातो. नगर ओस पडून, त्यावर माती साचून, हजारो वर्षे लोटल्यावर आसपासच्या लोकांनी त्या ढिगाऱ्याला दिलेले हे नाव. १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन केले आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची वार्ता जगाला दिली, तेव्हा तेच नाव ग्रंथांत गेले. नगराचे मूळ नाव अज्ञात आहे. आणि पडद्यावर जिवंत नागरिक अभिमानाने मेलेल्यांच्या टेकाडाचा जयजयकार करतात.

१४/२४
पटकथेला नाव हवे होते, हे समजण्यासारखे आहे. संगीताला मात्र ते नाव टाळता आले असते, किंवा त्यातील करुण विसंगती दाखवता आली असती. आनंदगीताच्या तळाशी विनाशाचा एखादा अस्फुट स्वर ठेवण्याची कला रहमान यांच्याइतकी फार थोड्यांना साधते. येथे तसा प्रयत्न जाणवत नाही. पुरातत्त्वज्ञांनी नोंदवहीत लिहिलेले नाव जसेच्या तसे उचलून त्याचे राष्ट्रगीत केले गेले. नर्तिकेच्या बाबतीत जे झाले, तेच येथेही झाले : नाव आधी आले आणि कल्पना त्यामागून गेली.

१५/२४
‘सरसरिया’ हे गाणे गोड आहे, यात शंका नाही. पण ते एखाद्या समकालीन प्रेमपटात नेऊन ठेवले, तर कोणालाही विसंगत वाटणार नाही. ‘तू है’ची चाल मनात रेंगाळते, गायन हळुवार आहे, तरीही तिचा भावविश्वाशी असलेला धागा रहमान यांच्याच पूर्वीच्या प्रेमगीतांकडे जातो, सिंधूकडे नाही. दोन्ही गाण्यांतली ‘प्राचीनता’ बासरी, घुमणारी तालवाद्ये आणि शब्दहीन कोरस यांतून येते. परदेशी चित्रपटांत इजिप्त असो वा ट्रॉय, हाच साज चढवला जातो. तो कुठल्याच विशिष्ट भूतकाळाचा नाही.

१६/२४
‘सिंधू माँ’ हे ‘तू है’च्याच चालीचे प्रार्थनारूप. प्रेयसी आणि नदी यांना एकच चाल देण्याची कल्पना सुंदर आहे. पण त्यातील श्रद्धेची भाषा थेट आजच्या नदीपूजेची आहे. ‘सिंधू’ हा शब्द ऋग्वेदात येतो. मोहेंजोदडोचे लोक नदीला काय म्हणत, ती त्यांना माता वाटे की मालकीण की भय, हे कोणालाच माहीत नाही. चित्रपटाच्या अखेरीस पुरातून वाचलेले लोक नव्या नदीकाठी पोहोचतात आणि तिला ‘गंगा’ असे नाव मिळते. संगीत या सरळ रेषेला प्रश्न विचारत नाही. उलट तिला अधिक गुळगुळीत करते.

१७/२४
अल्बममधील खरी चुणूक शब्दहीन तुकड्यांत आढळते. अर्जुन चांडी यांच्या आवाजातील ‘व्हिस्पर्स’ या दोन रचनांत स्वर आहे, श्वास आहे, अर्थाची सक्ती नाही. भाषा ठाऊक नसलेल्या समाजाबद्दल बोलण्याचा हा सर्वांत प्रामाणिक मार्ग होता. रहमान यांना तो दिसला होता, हे या तुकड्यांवरून स्पष्ट होते. म्हणूनच निराशा अधिक होते. वाट सापडली होती. पण तिच्यावर फार थोडी पावले टाकली गेली आणि मुख्य गाणी मळलेल्या रस्त्याने निघून गेली.

१८/२४
यावर पहिला आक्षेप असा : हा व्यावसायिक चित्रपट आहे, विद्यापीठातील प्रबंध नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण गोवारीकर यांनीच या चित्रपटासाठी पुरातत्त्वज्ञांचा सल्ला घेतला होता. हडप्पा येथे दीर्घकाळ उत्खनन केलेले जोनाथन मार्क केनॉयर त्यांत होते. भुजजवळ नगराचा प्रचंड देखावा उभारला गेला. विटा, भांडी, मुद्रा यांसाठी पुराव्यांचा आधार शोधला जात असेल, तर संगीताला त्यातून सूट का? डोळ्यांसाठी संशोधन आणि कानांसाठी सवय, ही विभागणी न पटणारी आहे.

१९/२४
दुसरा आक्षेप अधिक अवघड : काहीच ठाऊक नसेल, तर कोणतेही संगीत सारखेच चूक आणि सारखेच बरोबर. हे मात्र मान्य करता येत नाही. इतिहासकारालाही अनेकदा पुराव्यातील पोकळीशी गाठ पडते. तो ती पोकळी दाखवतो, तिच्या कडा आखतो, शक्यता मांडतो आणि शक्यतेला शक्यताच म्हणतो. कलावंताला याहून अधिक मोकळीक आहे. अज्ञात संगीत म्हणजे कल्पनेला मिळालेले मोकळे रान. त्या रानात जाऊन ओळखीचेच गाणे गायचे, तर मोकळीक मिळून उपयोग काय?

२०/२४
हे शक्य असते, याचा दाखला जुना आहे. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. वनराज भाटिया यांनी तिच्या प्रारंभासाठी ऋग्वेदातील नासदीय सूक्त निवडले. हिंदी रूपांतर वसंत देव यांचे. या सूक्ताचा शेवट संशयात होतो : सृष्टीचे मूळ कोणाला खरोखर ठाऊक आहे का? पाच हजार वर्षांचा इतिहास सांगणाऱ्या मालिकेची सुरुवात ‘ठाऊक नाही’ या कबुलीने झाली, आणि ते स्वर एका पिढीच्या मनात भारताच्या भूतकाळाचा आवाज होऊन राहिले.

२१/२४
आणखी एक गोष्ट चटका लावते. चित्रीकरण ज्या कच्छमध्ये झाले, तेथे हडप्पा संस्कृतीचे धोलावीरा हे थोर नगर आहे. त्याच कच्छमध्ये आणि पलीकडे सिंधमध्ये बोरिंडो नावाचे वाद्य आजही वाजवले जाते. मातीचा पोकळ गोळा, त्याला तीन-चार छिद्रे, एवढेच त्याचे रूप. नदीची माती, कुंभाराचा आवा आणि माणसाची फुंकर यांतून निघणारा तो मंद, ओलसर स्वर. देखाव्यापासून काही कोसांवर तो घुमत होता. अल्बममध्ये तो ठळकपणे कोठेही ऐकू येत नाही.

२२/२४
येथे सावध राहायला हवे. बोरिंडो थेट मोहेंजोदडोहून आला, असे सिद्ध झालेले नाही. मातीच्या वाद्यांतील साम्य म्हणजे अखंड परंपरेचा पुरावा नव्हे. पण उत्खननातील शिट्टी आणि आजचा बोरिंडो यांत साहित्य एकच, तंत्र एकच, प्रदेशही तोच. संगीतकाराला एवढा धागा पुरेसा असतो. ‘जोधा अकबर’साठी चिश्ती दर्ग्यातून मागे जाता आले, तसे येथे कुंभाराच्या अंगणातून मागे जाता आले असते. परंपरेचा हात नव्हता, असे आधी म्हटले. बोट मात्र होते.

२३/२४
एका फसलेल्या अल्बमचा इतका विचार का करावा? चित्रपट तिकीटबारीवर पडला. त्याच दिवशी आलेला ‘रुस्तम’ पुढे गेला. गाणीही मागे पडली. पण शिवकालाबद्दल किंवा मोगल काळाबद्दल एखादा चित्रपट चुकला, तर दुरुस्तीसाठी बखरी आहेत, कागदपत्रे आहेत, पोवाडे आहेत. मोहेंजोदडोकडे उलट उत्तर देण्यासाठी एक वाचता येणारा शब्दही नाही. जे लोक स्वतः बोलू शकत नाहीत, त्यांच्या तोंडी जो आवाज घातला जाईल, तोच त्यांचा आवाज म्हणून लोकांच्या स्मरणात राहतो. म्हणूनच तेथे जबाबदारी सर्वाधिक असते.

२४/२४
रहमान यांची थोरवी या एका अल्बमने उणी होत नाही. उणे राहिले ते मोहेंजोदडोचे ऐकणे. पुढे कोणी संगीतकार त्या नगराकडे वळेलच. त्याने भव्य कोरस रचण्याआधी एखाद्या संग्रहालयात पक्ष्याच्या आकाराची ती मातीची शिट्टी पाहावी, आणि तशीच एक कुंभाराकडून घडवून घेऊन तिच्यात फुंकर घालावी. स्वर एखाददुसराच निघेल. पण तो उसना नसेल. लेखनसीमा.